मृदंगाची कणीक

आप्पा, मला आज कोणाशी तरी कडाकडा भांडायचंय आणि तुमच्याइतकं हक्काचं माणूस आता उरलेलं नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी नाताळ जवळ आला की गाव मलाच विचारतं, “बाई, यंदा येशूचं कीर्तन हाय का?” तुमची मुलगी म्हणजे जणू चौकशीची खिडकी. तुमच्यामागे कधी शेवगावहून, कधी नगरहून कीर्तनकार बोलावून मी हे रेटत आले. यंदा मात्र नाकी नऊ आले.

आधी आपल्या देवळातलं ऐका. नवे पाळक तरुण आहेत, हसतमुख आहेत, आपण ‘सलाम’ म्हटलं की ‘प्रेज द लॉर्ड, मावशी’ म्हणतात. मंडळीच्या पंचांच्या सभेत मी कीर्तनाचा विषय काढला, तर म्हणाले, “मावशी, टाळ-मृदंग ही त्यांची पद्धत. आपण त्यातून बाहेर आलोय ना? आणि मृदंग वाजवणारे काकासुद्धा आपल्यातले नाहीत.” त्यांनी देवळात ड्रमसेट आणलाय. तो सुरू झाला की आपली म्हातारी माणसं कानात बोटं घालून प्रभूची स्तुती करतात. तुमच्या प्रत्येक कीर्तनाला ज्यांनी साथ केली ते काका आपले नाहीत, आणि तो ड्रमसेट आपला! मी तिथेच दोन शब्द जास्त बोलले. बाकीचे पंच चहा पीत बसले.

तिथून तणतणत पारावर गेले, तुम्ही दरवर्षी कीर्तनाला उभे राहायचात त्याच. तिथली पोरं माझ्याच हाताखाली शिकलेली. म्हणाली, “मॅडम, राग मानू नका, पन कीर्तन आमचं हाय. तुमी त्यातनं लोकांना तिकडं ओढता, असं मोबाईलवर येतंय. यंदा पारावर नको.” मी म्हटलं, “अरे, तुझा आजा पहिल्या रांगेत बसून डोळे पुसायचा. त्याला कोणी ओढला?” तर खाली मान घालून म्हणतो, “तवाचं येगळं हुतं, मॅडम.” बघा आप्पा, एरवी ही दोन टोकं एकमेकांचं तोंड पाहायची नाहीत, पण कीर्तन आपलं नाही यावर दोघांचं एकमत. हसावं की कपाळ बडवावं, मला कळेना.

आणि तेव्हा तरी काय वेगळं होतं? मी लहान आहे, पारावर माणसं जमलीत, तुम्ही फेटा बांधून वीणा गळ्यात घेतलीय. काका तेव्हा तरणेबांड, बागायतदाराच्या घरचे, हौसेने साथीला बसलेले. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याशिवाय तो घुमत नाही, आणि त्यांनी घरून आणलेला गोळा वाळून दगड झालाय. आई चुलीपुढून उठते, कणीक मळते आणि वाटी माझ्या हातात देते. आपल्या घरचं पाणी त्यांच्या घरी चालत नव्हतं. मी वाटी पुढे धरते आणि सगळा पार माना उंचावून बघतो. काका एकदा माझ्याकडे बघतात, एकदा वाटीकडे, आणि गोळा उचलून थापतात. त्या रात्री त्यांच्या आईने त्यांना अंघोळीशिवाय घरात घेतलं नाही, हे ते पुढे हसत हसत सांगायचे. पण त्या वर्षापासून मृदंगाची कणीक आपल्याच घरची. तुम्ही बंधुभावावर तासभर बोललात आणि काम केलं आईच्या कणकेनं. तिचं नाव मात्र कीर्तनात कधी निघालं नाही.

माझंही निघालं नाही. कॉलेजात असताना मी विचारलं होतं, “आप्पा, मी उभी राहू का कीर्तनाला?” तुम्ही वीणा पुसता पुसता म्हणालात, “बाईमाणसानं मागं टाळ धरावा. मंडळी काय म्हणतील?” मी टाळ धरला.

परवा काका काठी टेकत घरी आले. म्हणाले, “पोरी, दम लई ऱ्हायला न्हाई. यंदाचं वाजवून घेतो. पाळक न्हाई म्हनतो, पोरं न्हाई म्हनत्यात. तू काय म्हनती?”

“काका, यंदा कोणी यायला तयार नाही. कीर्तन करणार कोण?”

“तुला समदं पाठ हाय की. मागं बसून ओठ हलवीत हुतीस, मला काय दिसत न्हवतं व्हय?”

काल नाताळच्या संध्याकाळी आपल्याच अंगणात सतरंजी घातली. कणीक मी मळली. मंडळीतले थोडे आले, गावातले थोडे आले. तुमचंच उधळ्या पुत्राचं आख्यान घेतलं. पाळक फाटकाबाहेर उभे, त्यांच्या शेजारी पारावरची पोरं मोबाईल धरून. उधळून परतलेल्या धाकट्यासाठी बापाने मेजवानी घातली म्हणून रुसून बाहेरच थांबलेल्या थोरल्या भावाला तुम्ही दोन ओळींत उरकायचात. मी फाटकाकडे बघून त्याला चांगला लांबवला. बाप बाहेर येऊन त्याला विनवतो तिथे माझा आवाज फुटला, काकांनी लय धरून मला सावरलं. शेवटपर्यंत फाटकातून कोणी आत आलं नाही, आणि कोणी गेलंही नाही.

भांडण संपलं, आता एक सांगते. तुम्ही असतात तर मला उभं राहू दिलं नसतंत, आणि मी मुकाट टाळ घेऊन मागे बसले असते. इतकी वर्षं प्रत्येक नाताळला तुमच्या नावाने डोळे ओले केले. काल मृदंग घुमला आणि तुम्ही नाही याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं. दर नाताळनंतर तुमच्या कबरीवर फुलं घेऊन येते तशी उद्या येईनच, पण हे पत्र घरीच ठेवून.