पटकथेत नसलेलं घड्याळ

मंगळवार, १२ नोव्हेंबर १९७४

आज महाल भागात वामनरावांकडे माझी पटकथा घेऊन गेले. मुंबईत सिनेमे लिहिलेला माणूस. माझा भाऊ, दादा, नदीत बुडाला त्या दिवसाचा प्रसंग वाचून म्हणाले, "पोरी, हा भाषण काहून देऊन राहिला? इथं तो बोलत नाही. घड्याळ काढून आईच्या हाती देते अन् नदीवर जाते. असं लिही. तुले जमते."

घड्याळ? मी लिहिलंच नव्हतं. घरी येऊन लिहिलं, आईला वाचून दाखवलं.

आई पांढरीफटक पडली. "तुले कोनं सांगितलं वं? तू तर तवा कुही गावाले होती. मी कोनालेच बोलली नाही."

वामनरावांनी दादाला कधी पाहिलंही नाही. मग घड्याळ कसं?

उद्या आईही वामनरावांकडे येणार म्हणते. तिला त्यांना विचारायचंय, बुडताना त्याने हाक मारली होती का.