विहार मिळण्याबाबत

प्रिय बाबूजी,

सप्रेम जयभीम.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून कागद घेतला. आज बरोबर दोन महिने झाले. मी गजानन खंडारेशी लग्न करणार असं ओसरीवर उभी राहून सांगितलं आणि तुम्ही चष्मा पुसत आत गेलात, त्यानंतर आपण बोललेलो नाही. आई परसात जाऊन हळू आवाजात फोन घेते. म्हणते, "तू काही बोलू नको पोरी, त्यांचा राग आपोआप उतरन." पण तुम्ही रागावले आहात असं मला वाटत नाही. रागावलेले तुम्ही मला चांगले माहीत आहात. हे काहीतरी वेगळं आहे आणि त्याचं नाव घ्यायला आपण दोघंही धजत नव्हतो. आज मी घेणार आहे. हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. प्रत्येक वेळी वाटलं, आपण बापाला अन्यायाने तर बोलत नाही ना? म्हणून जे घडलं तेवढंच लिहायचं असं ठरवलं आहे. कुठे जास्त झालं तर खूण करा, मी दुरुस्त करीन.

शाळेत जायच्या आधी तुम्ही मला पाटी दिलीत. बाकीची मुलं अ आ इ गिरवत होती तेव्हा तुम्ही मला आधी माझं नाव लिहायला शिकवलं, संपूर्ण नाव, आडनावासकट. आजोबांचं नाव सखाराम असताना गावच्या कागदात 'सख्या' लागलं होतं आणि मरेपर्यंत तेच राहिलं, हे तुम्ही तेव्हाच सांगितलंत. रविवारी विहारात वंदना झाली की बावीस प्रतिज्ञा मी मोठ्यानं म्हणायची आणि तुम्ही प्रत्येकीचा अर्थ विचारायचात. पाठ आहे पण अर्थ माहीत नाही, असं चालायचं नाही. "पोपट पण बोलते," म्हणायचे तुम्ही. सगळी माणसं सारखी, या प्रतिज्ञेचा अर्थ मी सांगितला होता, "कोणी लहान नाही, कोणी मोठं नाही." तुम्ही म्हणालात, "हे अर्धं झालं. आपल्याहून कोणी मोठं नाही हे सगळ्यांनाच आवडते. आपल्याहून कोणी लहान नाही, हे म्हणून पाह्य." मी सात वर्षांची होते. ते वाक्य माझ्या अंगाला चिकटलं, बाबूजी. ते आता काढता येत नाही.

गेल्या जानेवारीत खैरीच्या विहारात वधू-वर परिचय मेळावा झाला. माझं अक्षर चांगलं, म्हणून तुम्ही मला नोंदणीच्या टेबलावर बसवलंत. छापील पत्रक होतं: नाव, शिक्षण, नोकरी, उंची, आणि मग 'शाखा'. सकाळपासून मी चाळीसेक लोकांना तो प्रश्न विचारला. "शाखा कोणती? बावणे, लाडवन, कोसरे?" लोक पटकन सांगत होते, मी पटकन लिहीत होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण दोष एकट्या तुमचा नाही. चाळीस वेळा माझीच जीभ ते बोलली आणि एकदाही अडखळली नाही. मग गजाननची आई मुलीचं नाव नोंदवायला आली. तिलाही विचारलं. ती म्हणाली, "आमाले शाखा नाही बाई. आमी मांगवाड्यातले बौद्ध. तुमाले जे लिवाचं ते लिवा." मागे गजानन उभा होता. हसत म्हणाला, "मॅडम, जात सोडून आलो तर इथं पोटजातीची रांग लागून आहे. हा रकाना कोणी घातला, भंतेजींनी का भटजींनी?" रांगेतले दोघेतिघे हसले. माझे कान तापले. मी उत्तर दिलं, "मी फक्त लिहून घेते." बाबूजी, हेच उत्तर आजोबांना सख्या करणाऱ्या माणसानंही दिलं असेल.

जेवणाच्या सुट्टीत मी पट्टी घेऊन उरलेल्या साठ पत्रकांवरचा तो रकाना खोडला. सरळ रेघ, एकही कागद खराब केला नाही. विहार समितीतले रामटेके काका आले आणि म्हणाले, "काहून वो पोरी, हे का करून रायली? मागून लोकं भांडतात, म्हणून आधीच विचाराव लागते." मी म्हटलं, "मग भांडू द्या." त्यांनी तुम्हाला बोलावलं. तुम्ही सगळ्यांसमोर एवढंच म्हणालात, "माझ्या सहीचा कागद आहे तो, उत्पला." तुमच्या आवाजाला मी तेव्हा पहिल्यांदा घाबरले नाही.

गजाननविषयी तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी सांगते. तो आयटीआयमध्ये मुलांना वायरिंग शिकवतो. त्याला उशीर चालत नाही, चहात साखर चालत नाही आणि माझं प्रत्येक गोष्टीत चारदा विचार करणं चालतं. मी म्हटलं, नाव तरी बदल, गजानन नावाचा बौद्ध म्हणजे लोकांना गंमत वाटते. तर म्हणाला, "माणूस बदलला ते दिसत नाही, नाव बदललं ते दिसते. दिसण्यासाठी काही करायचं नाही असं ठरवलं आहे." जयंतीच्या मिरवणुकीत तो वडिलांच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो, हे तुम्हाला माहीत आहेच. तुमच्याच रथापुढे वाजवतो. मिरवणूक संपल्यावर सगळा समाज विहाराच्या मांडवात जेवतो आणि बँडवाल्यांची पंगत शेवटी, फाटकाबाहेर चिंचेखाली बसते. लहानपणी मी तिथे बुंदी वाढायला जायची. ती पंगत बाहेर का, हे मी कधी विचारलं नाही. दमलेली माणसं आहेत, गार सावलीत बसतात, असं मला खरंच वाटायचं. त्यांनी दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षीही पंगत बाहेरच बसली. आणि दीक्षा त्यांना कोणी दिली? अकरा वर्षांपूर्वी भंतेजींच्या शेजारी उभं राहून मांगवाड्यातल्या त्या अकरा घरांकडून प्रतिज्ञा तुम्हीच वदवून घेतल्या. गजानन सतरा वर्षांचा होता. तो सांगतो, त्याच्या वडिलांचा आवाज फुटत नव्हता, तेव्हा तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांच्याबरोबर पुन्हा पहिल्यापासून म्हणालात. त्या माणसाला हे अजून आठवतं. तुमच्याबद्दल ते घरात कोणाला वाकडा शब्द बोलू देत नाहीत.

त्या दिवशी ओसरीवरून आत जाण्याआधी तुम्ही बोललात ते शब्द मी लिहून ठेवले आहेत. "पोट्टं चांगलं आहे, त्याच्यात मी खोट काढत नाही. पण दीक्षा घेतली म्हणून मूळ जाते काय?" तुम्हाला आठवतं का, पांदणीच्या वाटेवर पाटलांनी तुम्हाला अडवलं होतं? मी तुमच्या सायकलवर पुढे बसले होते. ते म्हणाले होते, "महाराचा बौद्ध झाला म्हणून रक्त बदललं काय रे?" तुम्ही सायकलवरून उतरलासुद्धा नाहीत. म्हणालात, "रक्त आधीपासून तुमच्यासारखंच होतं पाटील, म्हणून ते बदलावं लागलं नाही." घरी येईपर्यंत मी ते वाक्य घोकत होते. तो माणूस माझा बाप आहे. दोन महिन्यांपूर्वी ओसरीवर पाटलांचं वाक्य बोलला तो कोण होता, हे मला अजून कळलेलं नाही.

आई म्हणते, कोर्टात जाऊन लग्न करा, वर्षभरात सगळं निवळेल. रामटेके काकांनी निरोप धाडला आहे की नागपूरला मोठा हॉल घ्या, तिथं कोणी कोणाला ओळखत नाही. दोघांचा हेतू चांगला आहे, मला ठाऊक आहे. पण मी काही चोरी केलेली नाही, मग ओळखीच्या माणसांपासून तोंड का लपवू? दोनशेच्या वर लग्नं तुम्ही खैरीच्या विहारात लावलीत. मुहूर्त पाहिला नाही, कोणाकडून दान मागितलं नाही, अकरा म्हणजे अकराला सुरुवात. त्या विहाराच्या भिंतीला मी स्वतः दोनदा निळा रंग दिला आहे. माझं लग्न दुसरीकडे का व्हावं?

म्हणून हे पत्र. सोबत एक अर्ज आहे, विषय 'लग्नासाठी विहार मिळण्याबाबत', खाली गजाननची आणि माझी सही. तुम्ही विहार समितीचे सचिव आहात, म्हणून तो तुमच्याच नावे आहे. नियमावली मी पुन्हा वाचली. आत्याच्या लग्नाला ग्रामपंचायतीनं सभागृह 'रिकामं नाही' असं तोंडी सांगून नाकारलं, त्या वर्षी तुम्ही त्यात एक कलम घातलंत. दीक्षा घेतलेल्या कोणालाही लग्नासाठी विहार मिळेल; नाकारायचा असेल तर सचिवानं कारण स्वतःच्या हातानं लिहावं, खाली सही करावी आणि पुढच्या रविवारी वंदनेनंतर सर्वांसमोर वाचून दाखवावं. तेव्हा बाबूजी, नाही म्हणायचं असेल तर लिहा. 'समाज काय म्हणेल' हे कारण धरता येणार नाही, कारण समाज समोरच बसलेला असेल. खरं कारण लिहा, त्यातला शब्द न् शब्द, गजाननच्या जातीचं जुनं नावसुद्धा. आणि मग वाचा. येत्या रविवारी मी, गजानन आणि त्याचे आईवडील वंदनेला येतो आहोत. पहिल्या ओळीत बसू. आणि तुम्हाला ते लिहिता आलं नाही, हात थांबला, तर अर्जावर तारीख टाका. लग्न लावायला दुसऱ्या कोणा बौद्धाचार्यांना मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

तुमचीच,
उत्पला