नुसतं उजवीकडे सरकवलेलं पान

३ मार्च, मंगळवार
पान वेबसाइटवर गेलं! डोळ्यांच्या दवाखान्याचं, उजवीकडून डावीकडे वाचायच्या लिपीतलं. मला त्यातलं अक्षरही कळत नाही. पण मीटिंगमध्ये हट्ट माझाच – दवाखान्याची माहिती प्रत्येकाला आपापल्या लिपीत मिळायला हवी. केवढी बोलले! टीम सांभाळणाऱ्या ताईंनी विचारलं, "वाचता येणाऱ्या कुणाला दाखवलंस ना?"
"हो," म्हटलं.
दाखवलं नव्हतं. मजकूर उजव्या कडेला नीट लागलेला दिसत होता. आणखी काय बघायचं?

४ मार्च, बुधवार
बाबांनी पान फोनवर घेतलं. टॅक्सीत बसेल त्याला दाखवतात. आई म्हणाली, "भाडं राहू दे, आधी लेकीचं कौतुक ऐका!" घरातली पहिली पदवीधर मी. ताईंना खरं सांगायला हवं. उद्या.

७ मार्च, शनिवार
बाबा उशिरा आले. "आज कुणाला दाखवलंत?" मीच विचारलं.
"एका आजोबांना. फार खूश झाले," म्हणाले आणि तोंड धुवायला गेले.

१२ मार्च, गुरुवार
दवाखान्यातून तक्रार आली. लोक दुपारी येतात, दार बंद!
मी पानाच्या मांडणीच्या कोडमध्ये, सीएसएसमध्ये, 'टेक्स्ट-अलाइन: राइट' एवढंच लिहिलं होतं. त्यानं मजकूर फक्त कडेला सरकतो, दिशा बदलत नाही. दिशा उजवीकडून डावीकडे करणारं 'डायरेक्शन: आरटीएल' लिहिलंच नाही. वेळेच्या ओळीत नुसते आकडे – '९ – १', म्हणजे सकाळी नऊ ते दुपारी एक. ते डावीकडूनच मांडले गेले. उजवीकडून वाचणाऱ्याला एक ते नऊ!
"ज्यांना दाखवलंस, त्यांच्या लक्षात कसं आलं नाही गं?" ताईंनी अगदी साधेपणानं विचारलं.
"कुणालाच नव्हतं दाखवलं."
ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दुरुस्ती एका ओळीची. मग ताईंनी स्वतः एका वाचणाऱ्याला शोधून पान दाखवलं. माझ्यावर सोडलं नाही.

१३ मार्च, शुक्रवार
दवाखान्यात माफी मागायला गेले. रिसेप्शनवरची बाई हसत सांगत होती, "गेल्या शनिवारी कहरच! डोळ्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा भर दुपारी पायरीवर बसलेले. आणि त्यांचा टॅक्सीवाला वॉचमनशी भांडतोय – वेळ चुकणारच नाही म्हणे, पान माझ्या मुलीनं केलंय!"
मीही हसले. शी!

रात्री
बाबांनी विचारलं, "जेवलीस का?" बाकी काही नाही.