पहिली खुंटी बदली गोलकीपरची

रविवार, दिनांक ७ सप्टेंबर २०२५ रोजी दुपारी तीन वाजून पंचवीस मिनिटांनी, साल्तो येथील रेमान्सो क्लबच्या मैदानावर, लाउडस्पीकरवरून मला मृत घोषित करण्यात आले. त्या वेळी मी पूर्वेकडच्या पायऱ्यांवर, येर्बाच्या कडू चहाचा थर्मास मांडीवर धरून बसले होते.

मी, निदिया बेरुत्ती, मानाने हाक मारणाऱ्यांसाठी दोन्या निदिया, वय चौऱ्याहत्तर, अविवाहित, आधी पगारी गोलकीपर, नंतर गरम झऱ्यांच्या तिकीट खिडकीवरची कारकून, आता दोन्हीतून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. राग आहे, पण रागात लिहिलेले मृत्युपत्र तेवढ्याने रद्द होत नाही, असे नोटरींनी मला समजावून सांगितले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केले नव्हते. ही गरज क्लबने निर्माण केली.

घडले ते असे. मॅचआधी दोन्ही संघ मैदानाच्या मध्यावर उभे राहिले. सगळे उठले, म्हणून मीही उठले. शेजारी माझी मैत्रीण चोला होती. जुन्या संघात ती माझ्यापुढे बचावाला खेळायची.

"कोण गेलं गं?" मी विचारले.

"मला काय माहीत? उभी राहा गप."

मग लाउडस्पीकर बोलला: "आपल्या क्लबच्या जुन्या गोलकीपर दोन्या निदिया बेरुत्ती यांचं ब्राझीलमध्ये, पेलोतास इथे निधन झालं आहे. मैदानामागचं त्यांचं घर त्यांच्या इच्छेनुसार क्लबला मिळत असून, तिथे निदिया बेरुत्ती मांसभट्टी मंडप उभारण्यात येईल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मरणाला नव्हे, भट्टीला. चोलाने मला खालपासून वरपर्यंत पाहिले. "मेलीस तर आधी सांगायचंस ना. मी तुझंही तिकीट काढलंय."

मग माझ्यासाठी पाळलेली एक मिनिटाची शांतताही मिनिटभर टिकली नाही. एका गोलने पुढे असताना शेवटचे मिनिट किती लांब असते, हे गोलकीपरइतके कोणालाच कळत नाही. मी सवयीने मनात मोजत होते. पाऊण मिनिटातच पंचाने शिट्टी फुंकली.

मध्यंतरात मी अध्यक्ष मिल्टन पेरुचेना याच्याकडे गेले. तो पावात सॉसेज घालून खात होता.

"मिल्टन, मी मेलेली नाही."

त्याने घास गिळला. "दोन्या निदिया! तब्येत छान दिसतेय की."

"पेलोतास सोडून मला चाळीस वर्षं झाली."

"अहो, तुम्ही इतक्या गावांत खेळलात. कुठे मेलात ते आम्हाला कसं कळावं?"

"मी भिंतीपलीकडे राहते. बॉल माझ्या अंगणात पडला की तूच येऊन दार वाजवतोस. तसंच वाजवून बघायचं होतंस. मेले असते तर दार उघडलं नसतं."

"बरं, चुकलं. पण आता सुधारून सांगितलं तर लोक क्लबला हसतील. त्यापेक्षा असं करू, आजचं मिनिट जमा धरू. पुढे कधी... देव करो तसं न होवो... तेव्हा वेगळं करायला नको."

"आणि भट्टी?"

"भट्टीचा नकाशा झालाय," तो म्हणाला आणि हात पुसू लागला.

घर क्लबला देईन, असे मी सहा वर्षांपूर्वी सभेत बोलले होते, हे खरे. कशासाठी देईन, तेही त्याच वाक्यात बोलले होते. सभेने वाक्याचा अर्धाच भाग ऐकला. म्हणून आता पूर्ण वाक्य लिहून देत आहे.

कलम एक. बँकेत जे असेल ते माझी भाची जिसेला, राहणार मोन्तेविदेओ, हिला द्यावे. ती दर रविवारी फोनवर म्हणते, "मावशी, आता तरी एका जागी बस." मी गेल्यावर एकाच जागी असणार आहे, तिने घाई करू नये.

कलम दोन. तपकिरी सूटकेसही जिसेलालाच. ती घेऊन मी रोसारिओ, असुन्सिऑन, पेलोतास, बारांकिया, ग्वायाकिल आणि मेक्सिकोतले लेऑन इतक्या ठिकाणी खेळले. कुठेही कपाट घेतले नाही. कपडे सूटकेसमध्येच ठेवले की निघायला सोपे जाते. रोसारिओत मालकाने आम्हाला आखूड स्कर्ट घालून खेळायला सांगितले, मी निघाले. असुन्सिऑनला पगाराऐवजी कापडाचे तागे देऊ लागले, मी निघाले. बारांकियाचा मालक त्याच्या विधुर भावाशी माझे लग्न लावायला निघाला होता, तेव्हा तर मी मॅच संपल्यावर जर्सीही बदलली नाही. ग्वायाकिलला दिवे गेलेले असताना झालेला गोल पंचाने मोजला. तो मी आजही मान्य करत नाही, आणि माझ्या वारसांनीही करू नये.

कलम तीन. माझे जुने हातमोजे यामिला सोसा हिला. ती संत्र्यांच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला आहे आणि रेमान्सोच्या बायकांच्या संघाची गोलकीपर आहे. त्या काळी बायकांच्या मापाचे मोजे मिळत नसत. मी लोकरीच्या हातमोज्यांवर टेबल टेनिसच्या बॅटचे रबर शिवले. टाका सिस्टर कोन्सोलातांचा. मठाच्या शाळेत त्या म्हणत, "टाका मागे घेऊन घाल, बेरुत्ती, म्हणजे उसवणार नाही." त्यांच्या डोक्यात वेदीवरचे कापड होते. मोजे अजून उसवलेले नाहीत. यामिलाने एकदा विचारले होते, "दोन्या, यांनी खरंच बॉल अडायचा?" बॉल पायांनी अडतो, मुली. वेळेवर जागेवर पोचलीस तर हात आपोआप पुरतात. हे तिला तोंडी सांगून झाले आहे, तरी कागदावर असू द्यावे.

कलम चार, आणि मृत्युपत्र मुख्यतः याच्यासाठी. उत्तरेच्या गोलमागचे माझे घर मी मेक्सिकोच्या कमाईवर घेतले. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून गोलची जाळी दिसते. गोल नजरेआड करून जगणे मला जमत नाही. हे घर रेमान्सो क्लबला मिळावे, पण फक्त बायकांच्या संघाची कपडे बदलण्याची जागा म्हणून. आतून कडी लागणारे दार. गरम पाणी. भट्टी, मंडप, गाड्या लावण्याची जागा, बक्षीस समारंभाचा हॉल, यांपैकी काहीही नाही.

आमच्या काळी आम्ही कँटीनच्या स्वयंपाकघरात कढयांशेजारी कपडे बदलायचो. आजही त्या पोरी तिथेच बदलतात. यामिला सांगत होती, कॉर्नरच्या वेळी समोरची फॉरवर्ड तिच्या खांद्याला नाक लावून म्हणाली, "आज काय तळलंय गं?" त्यावर यामिला म्हणाली, "तुला." नंतर गोल वाचवला. पण वास तोच होता. मी खेळायचे तेव्हाचाच.

आत खुंट्या बसवाव्यात. दारातून शिरताच पहिली खुंटी बदली गोलकीपरची असावी. याचे कारण लिहिणे भाग आहे.

पेलोतासला खरोखर जिचे निधन झाले ती जुरेमा फागुंदेस. तिथल्या क्लबने आमचा जुना फोटो इंटरनेटवर टाकला आणि खाली लिहिले, आमची गोलकीपर गेली. फोटोत दोघी शेजारी बसलो आहोत, दोघींच्या अंगात तशीच हिरवी जर्सी. आमच्या क्लबने त्यातली ओळखीची तेवढी मारून टाकली. ही बातमी मला रविवारी रात्री, फोटो नीट पाहिल्यावर कळली. म्हणजे दुपारी मी उभी राहिले ती जुरेमासाठी, हे मला ठाऊकही नव्हते.

तीन हंगाम ती माझ्यामागे बाकावर बसली. पेलोतासच्या त्या खोलीत खुंट्या अकराच होत्या. ती तिचा कोट माझ्या कोटावर टांगायची. माझे बोट मोडले तेव्हा एक मॅच खेळली आणि एकही गोल होऊ दिला नाही. पुढच्या रविवारी बोटाला फळी बांधून मी परत गोलमध्ये उभी राहिले. गोलकीपर जागा सोडत नाही. जुरेमा म्हणाली, "मी तुझ्या जागी असते ना, तर फळीचीसुद्धा वाट पाहिली नसती." मग माझे हातमोजे तिनेच बांधून दिले, मला एका हाताने जमेना. मी पेलोतास सोडले त्या दिवशी स्टेशनवर मला म्हणाली, "आता कोट कुठे टांगू?" मी हसले. गाडी सुटली. मी पत्र कधी लिहिले नाही, तिनेही नाही. आम्ही दोघी तशाच.

म्हणून ती खुंटी. तिच्यावर नाव नको. जी बाकावर बसणार असेल तिचा कोट तिथे.

कलम पाच. माझी राख मैदानात पुरू नये. अनेकांना ती हौस असते, मला नाही. गोलच्या तोंडाशी कायमचे पडून राहणे म्हणजे शिक्षा. नदीत सोडावी, ती थांबत नाही. आणि माझ्यासाठी शांतता पाळू नये. गोलकीपर आयुष्यभर ओरडत असतो. सगळ्यांनी मिनिटभर ओरडावे. "डावीकडे!" म्हणाले तरी चालेल.

कलम सहा. चोलाला मी काहीही ठेवत नाही, कारण साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे नोटरी म्हणतात. येर्बाचा थर्मास तिला आज सकाळीच देऊन टाकला आहे. तिने तो लगेच भरून आणला. आम्ही दोघी उभ्याउभ्याच प्यायलो, मला बसवेना.

वरील सर्व माझ्या इच्छेने लिहिले, वाचून पाहिले, आणि सही केली.

निदिया बेरुत्ती

आमच्या समक्ष सही केली, आणि सही करताना जिवंत होत्या:
१. रोसालिया मेंदियोन्दो, ऊर्फ चोला
२. डॉ. मीर्ता काबोत

साल्तो, शुक्रवार, दिनांक १२ सप्टेंबर २०२५.

ताजा कलम. प्रत अध्यक्ष, रेमान्सो क्लब यांना.

मिल्टन, कलम चार क्लबला जसेच्या तसे मान्य आहे, आणि पुढच्या घरच्या मॅचला जुरेमा फागुंदेस हिच्या नावाने पहिल्यापासून पूर्ण मिनिट पाळले जाईल, असे कार्यकारिणीच्या सर्वांच्या सह्यांनिशी मला लेखी कळव. पाऊण मिनिट जमा धरले जाणार नाही. उत्तर आले नाही, तर घर नदीपलीकडच्या कॉन्कॉर्दियातील ला बाल्सा क्लबच्या बायकांच्या संघाला जाईल. त्यांनी मला गोलकीपरना शिकवायला बोलावले आहे, म्हणजे त्यांच्या मते मी जिवंत आहे. सूटकेस पलंगाखालून काढून ठेवली आहे.

मुदत: मंगळवार, दिनांक ३० सप्टेंबर २०२५, दुपारी बारा. उत्तर दाराखालून सरकवायचे नाही. दार वाजव. मी उघडेन.