भारत सरकारच्या पानावर जवळा बाजारची मतं

जवळा बाजार, २००७

साडूभाऊ अमृतराव यांस उत्तमरावाचा नमस्कार.

मराठीसाठी घसा फोडणाऱ्या आणि त्यापायी घरच्यांची बोलणी खाणाऱ्या बांधवांनो! (माफ करा, समोर तुम्ही एकटेच आहात, माइकची सवय सुटत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? इथे सगळे खुशाल, फक्त आमची सून कोमल माझ्याशी बोलत नाही.

इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशाचे तुम्ही प्रचालक; तिथली कुलपं तुमच्या हाती. दिल्लीच्या सरकारवरच्या लेखाचं नाव 'भारत सरकार' आहे. मी म्हणालो, चालणार नाही! आपला माणूस 'केंद्र सरकार' म्हणतो, तेच हवं. राज्यघटनेपासून सुरुवात करून चर्चेच्या पानावर एवढं मोठं भाषण टाकलं, की उत्तर द्यायला कोणी आलंच नाही. (मला वाटलं, निरुत्तर झाले.) मग ग्रामसभेत करतो तेच केलं. बाजाराच्या दिवशी माणसं गोळा करून सायबर कॅफेत नेली, एकाच कॉम्प्युटरवर प्रत्येकाचं खातं उघडलं आणि माझंच वाक्य सगळ्यांच्या नावानं मत म्हणून टाकलं. तांड्यावरचा नेमसिंग म्हणाला, "दादा, नाव बदलल्यावर तरी आमचा रस्ता व्हईल का?" सगळे हसले. मी तोही पाठिंबा समजलो.

दुसऱ्या दिवशी पानावर शेरा: 'हे सगळे एकाच माणसाचे मुखवटे.' त्या कॉम्प्युटरवरची सगळी खाती बंद. खाली सही तुमची. साडूभाऊ, तो एक माणूस मी. आता भर बाजारात नेमसिंग अडवतो, "दादा, मी हाय का न्हाई, तेवढं सांगा की!" मी छत्री आडवी धरून निघून जातो.

त्याच कॉम्प्युटरवर कोमल वर्षभर एकेका मंत्रालयाचा लेख लिहीत होती. तिचंही खातं गेलं. ती कडाडली, "मामंजी, तिथं हात मोजत न्हाईत, कोणी काय कारण दिलं ते वाचतात! नुसतं 'केंद्र' म्हणलं तर कोण्या देशाचं? नेपाळ सरकार, जपान सरकार, तसं भारत सरकार. नावं अशी लावायची हे मीच सुचवलं व्हतं. तुमी काहून वाचलं न्हाई?" खरंच, वाचलं नव्हतं. माझं भाषण तिच्याच चार ओळींच्या खाली होतं.

आपला,
उत्तमराव

ता. क. माझं खातं बंदच ठेवा. शिक्षा रास्त आहे.

आणखी ता. क. 'केंद्र सरकार'च बरोबर, पण ते आपण समोरासमोर बोलू. तिचा रेल्वे मंत्रालयाचा लेख अर्धाच राहिलाय. हे पत्र खाली ठेवण्याआधी कोमलचं खातं उघडा.