दाढ दुधाचीच आहे

३ जुलै, सकाळी
लेकीच्या शाळेतून चिठ्ठी. दातांची तपासणी झाली म्हणे. खालची उजवी दाढ किडली आहे, ताबडतोब दाखवा. ताबडतोब! दहा वर्षांच्या पोरीची दाढ दुधाचीच असणार. पडेल आपोआप. चिठ्ठी फाडली. बायकोने तुकडे जोडून फ्रिजवर लावली. चिकटपट्टी माझी!

६ जुलै
मुख्याध्यापिकेला झापून आलो. म्हणे, ही दाढ सहाव्या वर्षी येते आणि कायमची असते. म्हटलं, बाई, तुम्ही भूगोल शिकवता, दातांत तोंड घालू नका. तिने बेल वाजवली. शिपाई मला फाटकापर्यंत पोचवायला आला. मानाने.

९ जुलै
संकल्प. दातवाल्या लुटारूंच्या नादी न लागता दाढ घरीच बरी करणार. दोन वेळा ब्रश, माझ्या देखरेखीखाली. गोड बंद.

१० जुलै
ऑफिसची घाई. देखरेख उद्यापासून.

१४ जुलै
लेक डावीकडूनच चावते. म्हणजे उजवीला विश्रांती मिळतेय. उपचार लागू पडला! बायको म्हणते, दुखतंय तिला. लेकीला समोर उभं करून दरडावून विचारलं. नाही म्हणाली. बायकोची जिरली. त्या आनंदात लेकीला चॉकलेट आणलं. गोडबंदी सोमवारपासून कडक.

१९ जुलै, दुपारी
गाल टम्म सुजला. अंगात ताप. बायको लेकीला दवाखान्यात घेऊन निघाली. मीही गेलो, दातवालीवर नजर ठेवायला. बाईने एक्स-रे दाखवला. मुळापर्यंत पू. दाढ कायमचीच. दुखायला लागली तेव्हाच आणली असती तर वाचली असती, आता काढावी लागेल. मी आवाज चढवला. सेकंड ओपिनियन घेईन, तक्रार करीन, वगैरे.

खुर्चीतून लेक म्हणाली, "बाबा, तू बाहेर थांब ना."

थांबलो. दार लोटलेलं, पण आतलं ऐकू येत होतं. बाईने विचारलं, कधीपासून दुखतंय?

"उन्हाळ्याच्या सुट्टीपासून."

मग घरी सांगितलं का नाहीस?

"काही सांगितलं, की बाबा कुणाशी तरी भांडतो."

बायकोने खुर्ची जवळ ओढल्याचा आवाज आला. मग हत्यारांचा आवाज. लेक एकदाच ओरडली, "आई!"

मी उभा राहिलो. परत बसलो. समोर पाच रिकाम्या खुर्च्या. भांडायला कुणीच नव्हतं.