जिन्याखालचा महागडा सेट

स्ट्रुअन,

बार्लीचं सूप शेगडीवर आहे, गरम करून घे. मी लिंक्सवर, किनाऱ्यावरच्या गोल्फ मैदानावर चाललेय, माझा नकली गोल्फ सेट घेऊन. "तुला शिकायला ब्रँडेड कशाला? चेंडूला काय कळतंय!" असं म्हणून तूच तो माझ्या गळ्यात मारलास ना?

काल छत्री शोधताना जिन्याखाली कोरा ब्रँडेड सेट सापडला. वाटलं, माझ्या वाढदिवसासाठी लपवलायस. वेड्यासारखी हरखले. बागेत नेऊन एक काठी फिरवायला गेले, तर सेट डावखुऱ्यांचा! आपल्या घरात डावखुरं कोणी नाही. दर शनिवारी तुझ्या जोडीला खेळणारी मॉरव्हेन मात्र डावखुरी आहे.

तिला चार वाजता चहाला बोलावलंय. तोवर मी येते. सेट तिला माझ्यासमोरच दे. चेंडूला कळत नसेल, मला कळतं.

इशबेल